केक माहीत असलेला तालुका

घरमालक भाडेकरूला काय काय विचारतात ते आता मला तोंडपाठ आहे. पण माझ्या पहिल्या घरमालकांनी जे विचारलं ते पुढे कोणीच विचारलं नाही. नव्वद सालानंतरचे दिवस होते. वडगाव रासाईच्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली होती आणि वडिलांना बरोबर घेऊन मी खोली बघायला आले होते. घरमालक, म्हणजे आबा, अंगणात बाजेवर बसले होते. डोक्याला भलामोठा लाल पटका, आणि त्याच्याखाली एवढासा सुकलेला चेहरा.

"गाव कुठलं, बाई?"

"दौंड."

"खास दौंड, का दौंड तालुका?"

"खास दौंड. रेल्वे कॉलनीत राहतो आम्ही."

आबा बाजेवरून उठले, जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मग केक खाल्ला असंल."

"खाल्लाय."

"वरनं क्रीमचा, का पोटात क्रीमचा?"

वडील माझ्याकडे बघायला लागले. "पोटात क्रीमचा," मी म्हणाले.

"खोली तुमची," आबा म्हणाले आणि घरात ओरडले, "आगं, च्या टाक! दौंडच्या बाई आल्यात."

भाड्याचा विषय वडिलांनाच काढावा लागला. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. परत जाताना वडील मला म्हणाले, "माणूस चांगला दिसतो. थोडा हललेला आहे, पण चांगला आहे." वडील फारसं बोलत नसत, पण बोलले की नेमकं बोलत.

आमच्या दौंडात तो केक काही नवलाचा नव्हता. कॉलनीत जुनी ख्रिस्ती कुटुंबं होती, नाताळात त्यांच्याकडून ताट यायचं. एरवी स्टेशनाजवळच्या बेकरीत मिळायचा. दोन मऊ थर, मध्ये बोटभर पांढरं क्रीम आणि वरून पिठीसाखर भुरभुरलेली. ना फूल, ना नक्षी. आम्ही तो खाल्ला आणि विसरलो. आबांनी मात्र त्याच्यावर अख्खा भूगोल रचला होता.

त्यांचं म्हणणं असं, की केक रेल्वेबरोबर येतो. दौंड तालुक्यात रेल्वे आहे, म्हणून दौंड तालुक्याला केक माहीत आहे. शिरूर तालुक्यात रेल्वे नाही, म्हणून शिरूर तालुक्याला केक माहीत नाही. आपलं नशीब फुटकं म्हणून आपण नदीच्या अलीकडे जन्मलो. पलीकडचं राहू दौंड तालुक्यात, तिथली माणसं जाणती. मी एकदा म्हणाले, "आबा, राहूत तरी कुठे स्टेशन आहे?"

"केडगाव काय लांब हाय का? वास येतोय की."

हसून सोडून द्यायचं. मीही तेच केलं. पण या समजुतीपायी पुढे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सुमनचं माहेर तुटायची वेळ आली, म्हणून हे सगळं सांगायला बसले आहे.

आबांचे वाडवडील मेंढरं घेऊन हिंडणारे. आबाही ऐन जवानीत हिंडले होते, मग नदीकाठी ऊस करून एका जागी टेकले. मेंढरं गेली, पण चाल गेली नाही. काठी खांद्यावर आडवी, तिच्यावर दोन्ही हात लोंबलेले, आणि चालायचं नेहमी सगळ्यांच्या मागून. पाहुण्यांना एसटीला बसवायला निघाले तरी आबा मागे. पाहुणे रेंगाळले की जिभेने टकटक असा आवाज काढायचे आणि पाहुणेही का कोण जाणे, झपाझप चालायला लागायचे. मलाही त्यांनी कितीदा तरी असंच हाकलत शाळेपर्यंत नेलं आहे.

केक त्यांना भेटला तो मेंढरांमुळेच. मेंढरं ज्या रानात मुक्कामाला बसतात त्या रानाला फुकटचं खत मिळतं, म्हणून शेतकरी कळप बोलावून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. दौंडात एका रेल्वे गार्डाच्या बायकोला हे कुठूनसं कळलं. तिला गुलाबांचं वेड होतं. तिने आबांचा कळप आपल्या बंगल्याच्या आवारात बसवून घेतला, आणि घरात धान्य नव्हतं म्हणून की काय, बशीत केक आणून दिला. आबांनी तो खाल्ला आणि डोळे मिटून पडून राहिले. तेवढ्या वेळात मेंढरांनी गुलाब बुंध्यापर्यंत साफ केले.

"बाई विंग्रजीतनं लई बोलली," आबा सांगायचे. "पर केक देणाऱ्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतंय."

दर शनिवारी मी घरी जायला निघाले की आबा दारात उभे. "बाई, जमलं तर." इतकंच. केडगावपर्यंत वडापची जीप, तिथून गाडीने दौंड, आणि रविवारी परत येताना मांडीवर बेकरीचा खोका. आबा तो खोका भिंतीतल्या देवळीत ठेवायचे, हातपाय धुऊन यायचे आणि गोधडी शिवायचा दोरा घ्यायचे. केकला सुरी लावलेली त्यांना खपायची नाही. दोऱ्याचं एक टोक दातात, दुसरं हातात धरून तो केक आडवा कापायचे, म्हणजे दोन्ही थर अलग व्हायचे आणि मधलं क्रीम उघडं पडायचं. मग त्या क्रीमकडे थोडा वेळ बघायचं. नंतर खायचं.

"पुरणपोळीचाच भाऊबंद हाय," ते मला समजावून सांगायचे. "पोळीच्या पोटात पुरण, करंजीच्या पोटात सारण, ह्याच्या पोटात क्रीम. वर नुसता थापून लावला तर त्यो केक कसला? गिलावा म्हणायचा त्याला."

मावशी, म्हणजे आबांची बायको, चुलीपुढून म्हणायच्या, "लेकराला बी कधी असं डोळं भरून बघितलं न्हाई ह्यांनी." बोलण्यात टोमणा असायचा, पण स्वतःचा तुकडा त्या आधीच बाजूला काढून झाकून ठेवलेला असायचा.

एकदा तालुक्याच्या कचेरीत काम होतं म्हणून आबा शिरूरला गेले आणि तिथल्या एका दुकानात त्यांना केक दिसला. वर क्रीमचं गुलाबी फूल. आबा दुकानदाराला म्हणाले, "कापून पोट दाव, मग घेतो." दुकानदार म्हणाला, "आधी घ्या, मग घरी नेऊन काय पाहिजे ते कापा." दोघेही हट्टाला पेटले. शेवटी मागची गिऱ्हाईकं वैतागली आणि आबांना बाहेर यावं लागलं. संध्याकाळी घरी आले ते आपल्याच तालुक्यावर रुसून. "बाभळीला गुलाब खोचलाय नुसता," म्हणाले आणि न जेवता झोपले.

पण गावात हळूहळू केक यायला लागला, तेव्हा मान मिळाला तो आबांनाच. सरपंचांच्या नातवाचा वाढदिवस होता. असा केक कापायचा वाढदिवस गावात पहिलाच. सरपंचांच्या आईने केकसमोर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, पोराला ओवाळलं, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले, की आता पुढे काय. कोणीतरी म्हणालं, आबांना बोलवा. आबा खिशात दोरा घेऊन आले, केक आडवा कापला आणि वाकून आत बघितलं. आत क्रीम नव्हतं. आबांनी वरचा थर परत ठेवून दिला, मयताचं तोंड झाकावं तसा. लोकांनी मात्र उजव्या तळहातावर प्रसादासारखा घेतला आणि कपाळाला लावून खाल्ला.

सुमनसाठी स्थळं बघायला लागले तेव्हा दोन चांगली ठिकाणं समोर होती. एक शिरूरच्या बाजूचं आणि एक राहूचं. आबांनी एका दमात राहू पक्कं केलं. "दौंड तालुका," म्हणाले, "जाणती माणसं." मावशींना राहूच पसंत होतं, कारण त्यांची मावसबहीण तिथे दिलेली. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तुमी म्हणाल तसं." आपणच ठरवलं या आनंदात आबा महिनाभर होते.

मग रुखवताची तयारी सुरू झाली. लाडू, करंज्या, शेव, कापसाचं मंदिर, मण्यांचा राजहंस, सगळं मावशींनी आणि भावकीतल्या बायकांनी मिळून केलं. मधोमध ठेवायला दौंडचा केक पाहिजे असं आबांनी जाहीर केलं. मी आणायला तयार होते, पण एक गोष्ट मला सांगावीशी वाटली. सुमनच्या सासूबाई माळकरी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं शिजत नाही.

"आबा, या केकात अंडं असतं. पाहुण्यांच्या कानावर घालून ठेवा."

आबांना धक्काच बसला. "बाई, दौंड तालुक्याच्या माणसाला केकात काय असतंय ते म्या सांगू? शिरूर तालुक्यात ऱ्हाऊन? उद्या म्हणतील, वडगावच्यांनी आमाला अडाणी समजलं. ज्याला खायाचा न्हाई त्यो खायाचा न्हाई."

मावशींनाही मी सांगितलं. त्यांनी आबांना बजावलं, आबांनी मान डोलावली, आणि मावशी लग्नाच्या गडबडीत बुडून गेल्या.

लग्न झालं, जेवणं झाली. विहीणबाई रुखवत बघायला आल्या. उंच, गोऱ्या, बोलणं मोजकं. आबांनी दोरा काढला, केक कापला आणि मानाचा पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्या तो खात असताना मला काही तरी करावंसं वाटत होतं, पण मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते आणि मध्ये पन्नास बायका. विहीणबाईंनी तुकडा संपवला, हात पुढे केला आणि दुसरा घेतला. आबांचं तोंड असं काही फुललं की बघत राहावं.

तेवढ्यात त्यांची धाकटी जाऊ मोठ्याने म्हणाली, "अवो अक्का, केकात अंडं असतंय की! आमच्या पोरानं सांगितलं व्हतं मला."

विहीणबाईंचा हात माळेवर गेला. चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "फसवून खायला घातलं मला," त्या म्हणाल्या. पुढचं सगळं भराभर झालं. कोणी समजूत घालतंय, कोणी आवाज चढवतंय, सुमन मुंडावळ्यांसकट रडतेय. वऱ्हाड नवरीला घेऊन गेलं, पण रुखवत नेलं नाही. टेबलावर कापसाचं मंदिर, मण्यांचा राजहंस आणि अर्धा केक तसाच राहिला. मावशी ते सगळं आवरत होत्या, आणि कोणीही मदतीला पुढे व्हायला धजत नव्हतं.

त्यानंतर सुमन माहेरी आली नाही. पंचमीला आली नाही. पहिली दिवाळी, जावयाचा दिवाळसण, मावशींनी नवा धोतरजोडा आणून ठेवला होता, पण जीप आली नाही. राहूहून निरोप एकच: वडगावच्या आबांनी आमच्या दारात येऊन चूक कबूल करावी, मग लेक न्यावी.

आणि आबा ते करेनात. "चूक कसली?" ते म्हणायचे. "दौंड तालुक्याला केक म्हाईत हाय. त्या चुकून बोलल्या. येतील भानावर." हा माणूस जन्मात कधी 'चुकलं' म्हणाला नव्हता, म्हशीच्या पायावर पाय दिला तरी म्हशीलाच विचारायचा, मधे का आलीस. पण या वेळी त्यांचाही जीव रमत नव्हता. मी केक आणला तर खोका देवळीत तसाच राहायचा. मावशी त्यांच्याशी बोलत नसत. चहाची बशी बाजेवर अशी आदळायच्या, की निम्मा चहा बाजेला.

मग बातमी आली, सुमनला दिवस गेलेत. मावशींना आनंदाने काही सुचेना. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत. त्यांनी डिंक आणला, खारका आणल्या, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली. सातवा लागला तेव्हा मावसबहिणीकरवी निरोप आला: बाळंतपण राहूलाच होईल, तुम्ही तसदी घेऊ नका.

त्या दिवशी मावशी चुलीपुढे बसल्या आणि चूल पेटवलीच नाही. आबा आले, म्हणाले, "भाकर?" मावशी एवढंच म्हणाल्या, "तालुक्याला मागा." आणि मग इतक्या रडल्या की मला माझ्या खोलीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्या दारात. पटका नवा बांधलेला. "बाई, चला. राहूला जायाचंय. तुमी दौंडच्या, साक्षीला ऱ्हावा."

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आबा माझ्या पुढे चालत होते.

राहूला विहीणबाईंच्या ओसरीवर आम्हाला बसायला सतरंजी टाकली. पाणी आलं, चहा आला नाही. सुमन दाराआड उभी होती, तिच्या पोटावरचा पदर तेवढा दिसत होता. विहीणबाई समोर, व्याही बाजूला सुपारी कातरत, आणि धाकटी जाऊ खांबाला टेकून सगळं नीट ऐकू येईल अशा बेताने. आबांनी पटका काढला आणि मांडीवर ठेवला. टक्कल मी पहिल्यांदाच बघितलं. म्हातारा झालेला माणूस दिसला एकदम.

"चुकलं माझं, ताई," आबा म्हणाले.

मला गहिवरून आलं. इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आबांना अर्धी कबुली देणं जमत नव्हतं.

"लई मोठी चूक झाली. मला वाटत व्हतं दौंड तालुक्याला केक म्हाईत हाय. न्हाई म्हाईत. माझं समदं चुकलं. रेल्वे तुमच्या शिवेवरनं गेली, पर तुमच्या घरात काय शिरली न्हाई. तुमी बापडी भोळी माणसं. केकाच्या पोटात काय असतंय, त्ये तुमाला कसं ठाव असणार? जसा आमचा शिरूर तालुका, तसाच तुमचा. म्या उगंच तुमाला जाणतं समजत व्हतो."

मी आबांच्या धोतराचा सोगा ओढत होते. खरं सांगते, ते मनापासून बोलत होते. डोळ्यांत पाणी होतं. आणि विहीणबाईंच्या कपाळावरची शीर वर येत होती.

"बिचाऱ्यांनी कधी बघितला बी नसंल," आबा मला म्हणाले.

"थांबा!" विहीणबाई कडाडल्या. "कोण म्हणतंय म्हाईत न्हाई? माझं म्हायेर पाटसचं समद्यांना ठाव हाय, पर माझा बाप रेल्वेत व्हता. ल्हानपण माझं दौंडच्या क्वाटरमधी गेलंय! आमच्या शेजारच्या बंगल्यातली बाई नाताळाला सोत्ता केक करायची. क्रीम फेटायला मला बसवायची. आन् तुमी मला सांगताय केकाच्या पोटात काय असतंय?"

व्याह्यांचा अडकित्ता थांबला. आपण काय बोलून बसलो ते विहीणबाईंच्या तेव्हा लक्षात आलं.

"म्हंजी," व्याही हळूच म्हणाले, "अंडं असतंय त्ये तुला ठाव व्हतं?"

विहीणबाईंनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "व्हय. लगीन झालं, माळ घातली, तवापास्नं शिवले नव्हते. त्या दिशी हातावर ठिवला आन् वासानंच वळाखला. आई आठवली, क्वाटर आठवलं. न्हाई म्हणवलं न्हाई मला."

"आन् दुसरा तुकडा?" धाकट्या जाऊने विचारलं.

"त्यो बी ठाव असूनच खाल्ला! तू बोंबलली नसतीस तर तिसरा खाल्ला असता!" मग त्या आबांकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम पडला. "येवढ्या माणसांत मी काय बोलणार व्हते? माझी चोरी झाकाया तुमाला चोर केलं. पोरीचं वरीस गेलं त्यापायी. इठ्ठलाची माफी मी तवाच मागितली, तुमची मागाया तोंड नव्हतं."

व्याही आधी नाकातून हसले, मग खांदे हलवून हसले, मग सुपारी घशात अडकून त्यांना ठसका लागला. जाऊसुद्धा पदर तोंडाला लावून आत पळाली. विहीणबाई उठल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "सुमन, च्या टाक. न्हाई, तू र्‍हाऊ दे, मी टाकते. तू तुझी पिशवी भर."

परतीच्या जीपमध्ये आबा आणि सुमन पुढे, मी मागे. मला वाटलं, आता वडगाव येईपर्यंत आपल्याला ऐकावं लागणार. आबांचं म्हणणं खरं ठरलं होतं, तेही भरल्या ओसरीवर. पण आबा नुसते रस्त्याकडे बघत होते. पटका अजून मांडीवरच होता, डोक्याला बांधायचं त्यांना सुचलं नव्हतं.

सुमनला राहवेना. "आबा, तुमी मुद्दाम बोललात ना त्यांच्या तालुक्याला? चिडून खरं बोलतील म्हणून?"

हा विचार माझ्याही डोक्यात आला होता. मी पुढे सरकून कान दिला.

"न्हाई गं बाय," आबा म्हणाले. "मला खरंच वाटलं मी चुकलो. वाटलं, जल्मभर येड्यावाणी बोललो आपण. म्हणलं, जाऊ दे. केक न्हाई खाल्ला तरी माणूस जगतंय." जीप वळण घेत होती, त्यांनी एक हात सुमनच्या पुढे आडवा धरला. "तू न्हाई आलीस तर कसं जगायचं, त्ये काय मला जमंना."